मफलरच्या कडा वाकड्या येतात? उसवायला घेण्याआधी हे तपासा

"कडा वाकड्या येतायत" या एका तक्रारीत सात वेगळे दोष दडलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. म्हणून आधी तुमचं लक्षण कुठलं ते ओळखा.

- रुंदी वाढत जाते. खाली 20 सेंटीमीटर, हातभर विणल्यावर 24.
- रुंदी आटत जाते. सोबत कधी मधूनच शिडीसारखी उभी फट दिसते.
- टाके घातले तितकेच आहेत, तरी एके ठिकाणी पोट सुटलंय आणि एके ठिकाणी कंबर आवळलीय.
- कडेला सैल फासे लोंबतात, बहुतेकदा एकाच बाजूला.
- कड नळीसारखी गुंडाळते, हाताने सपाट केली तरी पुन्हा वळते.
- सुरुवातीची किंवा शेवटची कड आवळलेली, मधला भाग फुगीर.
- सगळा तुकडाच एका बाजूला कलतो.

आसन, टेबलमॅट, उशीचा अभ्रा, ओटा पुसायचं फडकं, सगळीकडे हेच दोष येतात. कानटोपीत कड शिवणीत जाते म्हणून दिसत नाहीत, पण टोपी एका कानावर सैल बसते.

पुढचे आकडे एका साध्या मफलरचे आहेत: मध्यम जाडीची लोकर, 8 नंबरच्या सुया (4 मिलिमीटर), 44 टाके, 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके, म्हणजे रुंदी 20 सेंटीमीटर. दीड मीटर लांबीला साधारण 150 ते 200 ग्रॅम लोकर लागते. डिसेंबरातल्या पहाटे रंकाळ्यावर फिरायला एवढी जाडी पुरून उरते. कोल्हापूरच्या थंडीला त्याहून जाड लोकर आणि जाड सुया घेण्यात अर्थ नाही. शिवाय जाड विणीत कडेचा प्रत्येक दोष मोठा दिसतो.

सपाट ठेवून बघा

सुईवर लोंबणारा मफलर कधीच खरी रुंदी दाखवत नाही. सुई लांब असेल तर वरचे टाके पसरतात, आखूड असेल तर गर्दी होते. मफलर टेबलावर किंवा सतरंजीवर ओढाताण न करता पसरा, 10-15 मिनिटं तसाच राहू द्या आणि तीन ठिकाणी मोजा: सुरुवातीपासून 5 सेंटीमीटर वर, मधोमध, आणि सुईच्या 5 सेंटीमीटर खाली. तीनही मापं अर्ध्या सेंटीमीटरच्या फरकात असतील तर दोष विणीत नाही. हाताने विणलेल्या कापडात तेवढा फरक राहतोच आणि धुतल्यावर तो बराचसा जातो.

मफलर विणून झालेला असेल आणि धुतल्यानंतर अरुंद व लांब झाला असेल, तर तो वाळवला कसा ते आधी आठवा. ओला मफलर तारेवर चिमट्याने टांगला की पाण्याच्या वजनाने खाली ओढला जातो, लांबी वाढते आणि रुंदी आटते. असा मफलर पुन्हा ओला करून आडवा वाळवला की बहुतेक वेळा पूर्ववत होतो. त्यासाठी उसवायची गरज नसते.

टाके मोजा

पैसा लागत नाही, दोन मिनिटं जातात, आणि तरी हीच गोष्ट सगळ्यात जास्त टाळली जाते. टाके वाढले-घटले आहेत की तेवढेच आहेत, यावरून पुढचा सगळा रस्ता ठरतो. हे न बघता "हात सैल पडला असेल" म्हणत बारीक सुया घेतल्या तर तिकोनी मफलर तिकोनीच राहतो, फक्त घट्ट होतो.

मोजायचं ते ओळ पूर्ण झाल्यावर. नुसते 44 मोजू नका. दर 10 टाक्यांनंतर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा छोटा फास सुईत अडकवा, म्हणजे 10, 10, 10, 10 आणि 4 असे गट पडतील. विणताना तो फास एका सुईवरून दुसऱ्या सुईवर सरकवायचा, विणायचा नाही. आता टाका वाढला तर कुठल्या गटात वाढला तेही कळतं. पहिल्या किंवा शेवटच्या गटातच वाढत असेल तर चूक ओळ वळवताना होतेय. मधल्या गटात वाढत असेल तर धागा पुढे-मागे नेताना.

सगळ्या ओळी सुलट (धागा मागे ठेवून; उलट टाक्याला तो पुढे असतो) विणत असाल तर दोन ओळींचा एक आडवा कंगोरा बनतो. दर 10 कंगोऱ्यांनी (20 ओळींनी) कडेला सेफ्टी पिन लावा आणि तिथे टाके मोजा. चूक झाली तरी शोधायला 20 ओळींपेक्षा जास्त मागे जावं लागणार नाही.

टाके वाढले असतील तर

नव्याने शिकणाऱ्यांच्या दहा मफलरांपैकी बहुतेकांत चूक ओळीच्या पहिल्याच टाक्यात असते. ओळ संपवून काम वळवलं की धागा पहिल्या टाक्यातून निघालेला असतो. तो सुईच्या वरून मागे टाकला तर पहिला टाका वर ओढला जातो, त्याचे दोन्ही पाय सुईवर चढतात आणि एकाऐवजी दोन टाके दिसतात. ते दोन्ही विणले की एक टाका वाढला. दर ओळीला असं झालं तर 20 ओळींत 44 चे 64.

उपाय: वळवल्यावर धागा आधी पुढच्या बाजूने खाली ओढा. पहिला टाका एकच फास दिसतोय ना ते बघा. मग सुईच्या टोकाखालून धागा मागे न्या आणि सुलट विणा. पहिले आठ-दहा दिवस प्रत्येक ओळीला हे मुद्दाम करावं लागतं, नंतर हात आपोआप करतो.

मधल्या गटात वाढ आणि तिथे छोटं भोक, याचा अर्थ धागा पुढे राहून गेला आणि सुईवर वेढा पडला. एक सुलट-एक उलट पट्टी विणताना हे सर्रास होतं, कारण उलट टाक्यानंतर धागा मागे न्यायचा राहतो. सुईवरून घेतलेला वेढा हीच जाळीच्या विणीची युक्ती आहे, इथे ती नको तिथे झाली इतकंच. अशी वाढ लक्षात आली की तो टाका सुईवरून सोडून द्या. तो वेढ्यापर्यंत खाली उसवत जातो आणि तिथे थांबतो. सुटलेला धागा सुईच्या टोकाने शेजारच्या चार-पाच टाक्यांत थोडा थोडा वाटून टाका. भोकही जातं, टाकाही जातो.

भोक नाही, तरी टाका जास्त? मग लोकरीचे पदर फाटून अर्धे सुईवर, अर्धे बाहेर राहिले आणि पुढच्या ओळीत दोघांना दोन टाके मानलं गेलं. सैल पिळाच्या अॅक्रिलिक लोकरीत आणि फार टोकदार सुयांवर हे जास्त होतं. सुईवरचे दोन 'टाके' खरंतर अर्ध्या-अर्ध्या जाडीचे दिसतील. त्याच किंवा पुढच्याच ओळीत दिसलं तर दोन्ही अर्धुकं एकत्र विणायची. बऱ्याच ओळी वर गेला असाल तर तो टाका तसाच सोडून खालच्या फाटक्या जागेपर्यंत उसवा आणि क्रोशाच्या सुईने पूर्ण धागा धरून वर आणा.

एक चूक सहज ओळखू येत नाही. काम ओळीच्या मध्यावर ठेवलं, दाराची बेल वाजली, परत आल्यावर सुया उलट्या हातात धरल्या आणि अर्धीच ओळ परत मागे विणली. मफलरचा अर्धा भाग दोन ओळींनी उंच होतो, मध्ये फट पडते आणि कड कलते. मध्यावर थांबलेली ओळ पुन्हा सुरू करताना विणता धागा ज्या सुईतून निघतो ती सुई उजव्या हातात धरायची, हा नियम पक्का ठेवा (डावखुऱ्यांसाठी उलट). त्याहून सोपं म्हणजे ओळ पूर्ण झाल्याशिवाय काम खाली ठेवू नका. ओळीच्या मध्यावर थांबलेलं काम दोन-चार दिवस पडून राहिलं की सुईच्या टोकाजवळचे टाके ताणलेही जातात आणि तिथे उभी रेघ उमटते.

वाढलेला टाका काढायचा कसा? चार-पाच ओळींच्या आतलं असेल तर एकेक टाका मागे उलगडत जा. त्याहून जुनं असेल आणि विणीत भोक नसेल, तर पुढच्या ओळीत कडेजवळ दोन टाके एकत्र विणा. सुलट ओळींच्या मफलरात एखाद-दुसरी अशी जागा कुणाला सापडत नाही. पण दहा-बारा टाके वाढलेले असताना एकाच ओळीत सगळे घटवू नका. मफलरला कंबरपट्टा घातल्यासारखं दिसतं. तिथे उसवणंच बरं.

टाके कमी झाले असतील तर

दोन शक्यता: टाका सुईवरून निसटला, किंवा दोन टाके चुकून एकत्र विणले गेले. निसटला असेल तर खाली शिडी दिसते. शिडी दिसताच पहिलं काम म्हणजे मोकळ्या फाशात सेफ्टी पिन घालणं. बाकी सगळं नंतर. अॅक्रिलिक लोकर गुळगुळीत असते, मफलर हलवला तरी शिडी आणखी दोन पायऱ्या खाली जाते.

समोरून सुलट दिसणाऱ्या साध्या विणीत (एक ओळ सुलट, एक ओळ उलट) क्रोशाची सुई समोरून फाशात घाला, शिडीची पहिली पायरी धरून फाशातून ओढा, मग दुसरी. असं वरपर्यंत. सगळ्या ओळी सुलट असतील तर एक पायरी समोरून आणि पुढची मागून, अशी आलटून पालटून घ्यावी लागते. नाहीतर कंगोरे तुटलेली एक उभी पट्टी दिसते. अगदी कडेचाच टाका निसटला असेल तर शिडी नसते, मोठमोठे लोंबते फासे असतात. त्यांचा क्रम चुकवणं फार सोपं असतं. तीन-चार ओळींपर्यंतच त्यांच्या वाट्याला जा.

शिडी नाही आणि तरी टाका कमी, म्हणजे दोन एकत्र विणले गेलेत. जवळच्याच ओळीत असेल तर मागे उलगडा. जुना असेल तर कडेच्या दुसऱ्या टाक्यानंतर, दोन टाक्यांमधला आडवा धागा सुईवर उचलून पीळ देऊन विणा, म्हणजे भोक न पडता एक टाका वाढतो.

टाके बरोबर, रुंदी मात्र चुकते

आता सामानाकडे वळा, आणि हाताला दोष देण्याआधी सुयांकडे बघा. एका डब्यात चार जोड्या असल्या की 9 नंबरची एक आणि 10 नंबरची एक अशी जोडी बनणं नेहमीचं आहे. सुईच्या डोक्यावरचा आकडा वापराने पुसला जातो. 9 नंबर 3.75 मिलिमीटर, 10 नंबर 3.25, डोळ्यांना फरक कळत नाही, विणीला कळतो. लक्षण असं की एक ओळ सैल, एक घट्ट, असे आडवे पट्टे ओळीने दिसतात. सुयांच्या मापाची भोकं असलेली पट्टी लेस-बटणं विकणाऱ्या दुकानात मिळाली तर घ्या. न मिळाल्यास जाड पुठ्ठ्यात एका सुईने भोक पाडा आणि दुसरी त्यात घालून बघा. ती सैल फिरली किंवा अडकली तर जोडी चुकलीय.

आपल्याकडच्या सुयांवर जुने इंग्लिश नंबर असतात. आकडा मोठा तितकी सुई बारीक: 8 म्हणजे 4 मिलिमीटर, 10 म्हणजे 3.25, 12 म्हणजे 2.75. अमेरिकन व्हिडिओतला आकडा उलट चालतो. तिकडची 8 नंबरची सुई 5 मिलिमीटरची असते, ती इथल्या 6 नंबरसारखी. व्हिडिओ बघून नव्या सुया आणल्या आणि अर्ध्यावरून मफलरची रुंदी बदलली, तर कारण बहुधा हेच. नंबर विसरा, मिलिमीटर विचारा.

मग लोकर. नवा गुंडा जोडला तिथूनच रुंदी बदलली का? दोन्ही गुंड्यांच्या वेष्टनांवर पदर, वजन आणि लॉट नंबर जुळतो का पाहा. वेष्टन फेकलं असेल तर पट्टीवर 2.5 सेंटीमीटर जागेत दोन्ही लोकरी शेजारी-शेजारी, न ओढता, गुंडाळून वेढे मोजा. दोन वेढ्यांचा फरक म्हणजे जाडी वेगळी. इथल्या बऱ्याच दुकानांत लोकर दिवाळीनंतरच भरली जाते आणि संक्रांतीनंतर तोच लॉट मिळेलच असं नाही. त्यामुळे मफलरभर लोकर एकदमच घ्या. एक गुंडा उरला तर कानटोपीला होतो.

लडीचा गुंडा स्वतः करत असाल तर घट्ट करू नका. ताणून गुंडाळलेली लोकर ताणलेलीच विणली जाते आणि नंतर आखडते. दोन-तीन बोटांवर सैल वेढे घ्यायचे, बोटं काढून दिशा बदलायची. आणि विणताना गुंडा मोकळा फिरला पाहिजे. पलंगाच्या पायात अडकलेल्या गुंड्याशी झुंजत विणलेल्या ओळी हमखास घट्ट येतात. परडीत किंवा खोलगट डब्यात ठेवला की प्रश्न मिटतो.

राहता राहिला हात. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की घामेजलेल्या बोटांवर धागा सरकत नाही आणि विणकाम आपोआप घट्ट होतं. मेमध्ये सुरू केलेला आणि जुलैमध्ये पुरा केलेला मफलर मध्येच आवळलेला दिसला तर नवल नाही. हात धुऊन कोरडे करा, सुयांवर मेणकागद चोळून पुसून घ्या. टाल्कम पावडर लावू नका, गडद लोकरीवर पांढरी उतरते. टीव्हीवरचा सामना बघताना विणलेल्या ओळीही ओळखता येतात, पण त्यावर इलाज सांगणं माझ्या हातात नाही.

तुकडा कलत असेल तर धागा एकपदरी आहे का पाहा. एकाच दिशेने पीळ घातलेला एकपदरी धागा साध्या सुलट-उलट ओळींच्या विणीत टाक्यांना तिरकं ढकलतो. धनगरी घोंगडीची हातकताईची लोकर किंवा इचलकरंजीकडचं मागाचं सूत हौसेने सुयांवर घेतलं की हेच होतं. तो धागा मागासाठी असतो आणि तिथे तो चोख काम करतो. सुयांवर दोन किंवा जास्त पदर उलट पिळाने एकत्र वळलेला धागाच घ्या. घेतलेलंच सूत संपवायचं असेल तर सगळ्या ओळी सुलट विणा, त्यात कल बराच कमी होतो.

कडेला सैल फासे

ओळीचा शेवटचा टाका स्वभावतःच सैल पडतो, कारण त्याला पलीकडून आवळायला शेजारी नाही आणि वळवताना धागा ढिला होतो. उपाय: प्रत्येक ओळीचा पहिला टाका न विणता, धागा पुढे ठेवून, उलट विणताना घालतो तशी सुई घालून नुसता सरकवा. मग धागा मागे नेऊन उरलेली ओळ विणा. शेवटचा टाका नेहमी सुलट विणा. कडेला साखळीसारखी नेटकी वेणी तयार होते, दोन ओळींना एक साखळी.

घट्ट करण्यासाठी पहिल्या टाक्याला हिसका देऊ नका. दुसरा टाका विणल्यावर धागा हलकेच ओढा. पहिलाच आवळला तर कड मधल्या भागापेक्षा आखूड होते आणि मफलर होडीसारखा वाकतो. तुमचा मफलर असा वाकत असेल तर कारण हेच समजा.

सरकवलेला टाका सुरुवातीपासून वापरायचा असतो. अर्ध्यावरून सुरू केला तर खालची कड आणि वरची कड वेगवेगळी दिसते. आधीच 50 सेंटीमीटर विणून झालं असेल तर तसंच पुरं करा आणि शेवटी दोन्ही बाजूंना क्रोशाच्या मुक्या खांबांची (सिंगल क्रोशे) एक ओळ घाला: सुलट ओळींच्या विणीत एका कंगोऱ्याला एक खांब, साध्या सुलट-उलट ओळींच्या विणीत चार ओळींना तीन. प्रत्येक ओळीला एक घातला तर कडेला झालर पडते.

गुंडाळणारी कड

ही चूक नाही, त्या विणीचा स्वभाव आहे. एक ओळ सुलट-एक ओळ उलट या विणीत समोरची आणि मागची बाजू सारखी ताणलेली नसते. त्यामुळे उभ्या कडा मागे वळतात आणि खालची-वरची कड पुढे. कितीही सफाईने विणा, वळणारच. इस्त्रीने दाबून सपाट करायच्या नादात मफलर वाया गेल्याची उदाहरणं विणकामाच्या प्रत्येक क्लासमध्ये सापडतात.

पुढच्या वेळी दोन्ही कडांना 5-5 टाके कायम सुलट ठेवा आणि सुरुवातीला व शेवटी 8 ओळी पूर्ण सुलट विणा. 3-3 टाक्यांची पट्टी पुरत नाही, तीसुद्धा सोबत वळते. किंवा वीणच बदला: एक सुलट-एक उलट, आणि पुढच्या ओळीत समोर सुलट दिसणाऱ्या टाक्यावर उलट, उलट दिसणाऱ्यावर सुलट. ही दाणेदार वीण दोन्ही बाजूंनी सारखी दिसते आणि अजिबात गुंडाळत नाही. मफलरसाठी माझी पसंती हिलाच.

विणून झालेल्याला काय करायचं? मुक्या खांबांची दोन-तीन ओळींची कड थोडा फरक पाडते, पूर्ण नाही. खात्रीचा मार्ग म्हणजे मफलर लांबीत दुमडून दोन्ही कडा आतून शिवून नळी करणं. रुंदी निम्मी होते, ऊब दुप्पट.

आवळलेली टोकं

टाके घालताना दोन नंबर जाड सुई घ्या (8 ऐवजी 6) आणि पहिल्या ओळीपासून 8 नंबरवर या. बंद करतानाही जाड सुई. बंद करायला रुंदीच्या निदान चौपट धागा राखून ठेवा. धागा कमी पडायच्या भीतीनेच शेवटची ओळ आवळली जाते. कड बोटांनी ताणून बघा: मधला भाग जितका ताणतो तितकी ती ताणली पाहिजे. वरची कड उसवून पुन्हा बंद करणं दहा मिनिटांचं काम आहे. खालची कड उसवणं अवघड असतं, कारण टाके घातलेल्या बाजूने धागा सरळ ओढून निघत नाही.

धुणं आणि वाफ

इथून पुढे चूक झाली तर माघार नाही, म्हणून आधी लोकर कशाची आहे ते नक्की करा. बाजारात 'लोकर' म्हणून मिळणारा बराचसा माल अॅक्रिलिक असतो. वेष्टन नसेल तर 5 सेंटीमीटरचा तुकडा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली ठेवून, जळत्या काडीला लावा. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. अॅक्रिलिक वितळून काळा कडक मणी होतो. तो थेंब अंगावर पडू देऊ नका.

खरी लोकर असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून 15-20 मिनिटं भिजू द्या. चोळू नका, पिळू नका, गरम पाणी नको. लोकर आटून जाड बुरणुसासारखी होते आणि परत येत नाही. टॉवेलात गुंडाळून दाबून पाणी काढा, चटईवर जुनं पातळ पसरून त्यावर मफलर मापात आणा आणि दर 5 सेंटीमीटरवर न गंजणाऱ्या टाचण्या लावून सावलीत वाळवा. पावसाळ्यात पंख्याखाली ठेवा आणि पूर्ण सुकल्याशिवाय टाचण्या काढू नका. सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचा वाकडेपणा यात जातो, चार सेंटीमीटरचा नाही.

अॅक्रिलिकला नुसतं पाणी फारसं पुरत नाही, त्याला वाफ लागते. वाफेची इस्त्री 2-3 सेंटीमीटर वर धरून फक्त वाफ द्यायची, टेकवायची नाही. जास्त वाफ लागली की धाग्यातला उसळीपणा मरतो, मफलर लुळा पडतो आणि तो पुन्हा जिवंत होत नाही. आधी छोट्या नमुन्यावर करून बघा. सुती आसनं आणि टेबलमॅट मात्र ओलसर असताना सरळ इस्त्री केली तरी चालतात.

याच कारणासाठी गरम भांडी उतरवायची फडकी अॅक्रिलिकची कधीच विणू नका. गरम तव्याला लागताच धागा वितळून हाताला चिकटतो. तिथे जाड सुतीच धागा, दुहेरी विणलेला.

उसवणं

सगळ्यात शेवटी, आणि ठरवून. नुसत्या सुया ओढून काढल्या की टाके वाटेल तसे सुटतात. चूक जिथे आहे त्याच्या खालची एक चांगली ओळ निवडा. बोथट टोकाच्या जाड सुईत गुळगुळीत, वेगळ्या रंगाचा सुती दोरा ओवून त्या ओळीच्या प्रत्येक टाक्यातून घाला. 44 टाके दोऱ्यावर आलेत ना ते मोजा, आणि मगच उसवा. उसवण त्या दोऱ्याशी थांबते.

टाके परत सुईवर घेताना दोन-तीन नंबर बारीक सुई वापरा (10 किंवा 11), फासे ओढले जात नाहीत. पहिली ओळ 8 नंबरवर विणताना प्रत्येक फाशाचा उजवा पाय सुईच्या पुढच्या बाजूला हवा. मागे असेल तर टाका पिळाचा बसतो आणि एक आडवी रेघ कायमची राहते. उसवलेली लोकर कुरळी झालेली असते. ती लगेच विणली तर टाके लहान-मोठे येतात. खुर्चीच्या पाठीवर लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात बुडवून काढा आणि टांगून वाळवा. अॅक्रिलिकचे कुरळे पूर्ण जात नाहीत, पण विणण्याजोगे होतात.

इथे थांबा

जाळीच्या किंवा वेणीच्या नक्षीत शिडी दहा-बारा ओळी खाली गेली असेल तर क्रोशाची सुई खाली ठेवा. त्या नक्षीत कुठली पायरी कुठल्या बाजूने हे ठाऊक नसेल तर प्रत्येक प्रयत्नात आणखी एक टाका सुटतो. सुटलेल्या सगळ्या फाशांत पिना घाला आणि विणकामाचा क्लास घेणाऱ्या बाईंकडे न्या. पेठेत, गल्लीत चौकशी केली की सापडतात.

मध्येच धागा तुटला, उंदराने कुरतडला किंवा कात्री लागली तर भोकाच्या वरचे आणि खालचे सगळे फासे पिनांवर घेऊन रफू करणाऱ्या कारागिराकडे जा. गाठ मारून भोक ओढून घेऊ नका, कापड चुरगळतं आणि रफूलाही जागा राहत नाही.

कड सरळ करायला मफलर शिंप्याकडे ओव्हरलॉकला देऊ नका. मशीनच्या पायाखाली वीण ताणली जाते आणि कडेला लाटा पडतात. कापलेले टाके परत मिळत नाहीत.

जुनी, खऱ्या लोकरीची शाल आटली असेल, रंग पसरला असेल किंवा कसर लागली असेल तर घरी प्रयोग न करता लोकरीचे कपडे घेणाऱ्या ड्रायक्लीनरला दाखवा.

आणि हात. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री बधिर होऊन जाग येत असेल, तर घट्ट विणीचा उपाय शोधत बसू नका. विणकाम थांबवून डॉक्टरांकडे जा. मनगटातली नस दाबली गेल्याची ती लक्षणं असू शकतात आणि विणत राहिल्याने वाढतात.

कुणाकडे काम दाखवायला नेताना ते धुऊन किंवा इस्त्री करून नेऊ नका. सुया, उरलेली लोकर, वेष्टन आणि घातलेल्या टाक्यांचा आकडा सोबत न्या. मफलर सुईवरच असू द्या आणि सुयांच्या टोकांना बूच किंवा खोडरबर लावा.